अकरा मिनिटांचा खुलासा

तांबट आळीतला व्हॉल्व्ह रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उघडायचा. कुणी उघडायचं नाही, तोच उघडायचा. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली एक छोटी मोटर घरघरायची, मग नळाला खोकला यायचा, मग हवा यायची आणि शेवटी पाणी. शालन भोईटे आधी हंडा लावायच्या, मग कळशी, मग बादल्या, आणि सहा वीसला गॅसवर दोन कपांचं आधण ठेवायच्या.

मोरवड नगरपरिषदेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक गल्लीला पाणी अठरा मिनिटं. म्हणजे सहा अठ्ठावीसला व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. तो होत नसे. सहा अठ्ठावीसला शालनबाई दोन कप भरून उंबऱ्याशी बसायच्या. एक कप आपल्यापुढं, एक समोर. पाणी चालूच. आपला कप त्या सावकाश संपवायच्या आणि मग दुसराही त्याच प्यायच्या. चहा ओतून द्यायची त्या घरात पद्धत नव्हती, आणि दिवसाला एकच कप घ्यायचा हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्या वेळी डॉक्टर झोपलेले असत. सहा एकोणचाळीसला झाकणाखाली पुन्हा घरघर व्हायची आणि नळ थांबायचा. 'बरं, निघतो' असं कुणी म्हणत नसे. तरी शालनबाई मान हलवायच्या.

अठरा आणि वर अकरा. ही अकरा मिनिटं कुठून येतात हे अख्ख्या गावात फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि त्या कुणाला सांगणार नव्हत्या.

वर्षातून तीसएक दिवस मात्र व्हॉल्व्ह अकराऐवजी चारच मिनिटांत मिटायचा. त्या दिवशी समोरचा कप भरलेलाच असायचा. मग ऑफिसात त्यांचे शिक्के वाकडे पडायचे. आपलं काय चुकलं, याचा त्या डबा खाईपर्यंत विचार करायच्या.

महिपती भोईटे नगरपरिषदेत चावीवाले होते. कागदावर हुद्दा 'व्हॉल्व्हमन', गावाच्या तोंडी 'महिपतआबा'. चार फुटी लोखंडी चावी खांद्यावर टाकून माणूस पहाटे निघायचा, आणि सदतीस गल्ल्यांचे सदतीस व्हॉल्व्ह एकामागून एक उघडत आणि मिटत अकरा वाजता ऑफिसात यायचा. एकतीस वर्षं. अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी फेरी पुरी केली, चावी भांडारात जमा केली, सही घेतली, आणि मगच 'छातीत जरा दुखतंय' म्हणाले. सेवानिवृत्तीला चौदा महिने बाकी होते.

पुढं शालनबाईंनी ती चावी आठवण म्हणून मागितली. चावी जडवस्तू नोंदवहीत असून तिचं निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे ती वहीतून कमी केल्याशिवाय, देता येत नाही, असं उत्तर आलं. ते उत्तर शालनबाईंनीच जावक क्रमांक घालून स्वतःला पाठवलं, कारण तोपर्यंत त्या अनुकंपा तत्त्वावर आवक-जावक टेबलावर रुजू झाल्या होत्या.

आबांच्या जागी नवा माणूस भरायला मंजुरी नव्हती; यंत्र बसवायला होती. प्रत्येक व्हॉल्व्हवर मोटर आली, मोटरींना हुकूम द्यायला ऑफिसात एक संगणक आला, आणि संगणकाला शहाणपण द्यायला जलवाहिन्यांचा नकाशा आला. नकाशा साठ वर्षांपूर्वीचा होता. त्यात पाइप होते ते इंजिनियरनं काढलेल्या जागी. जमिनीत पाइप होते ते खणणाऱ्यांना माती मऊ लागली त्या जागी. पहिल्या आठवड्यात अर्ध्या गावाच्या घागरी कोरड्या राहिल्या आणि पोस्टमास्तरांच्या अंगणात कारंजं उडालं. पाइप खरे कुठं जातात हे जाणणारा एकच माणूस होता, आणि तो उपलब्ध नव्हता.

मग पाणीपुरवठा अभियंता तबस्सुम मुजावर यांना एक जुनी गोष्ट सापडली. एकोणीस वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेत बसत होते म्हणून गावभर दाबमापक बसवले होते. दर मिनिटाला कोणत्या पाइपात किती दाब, हे ते इमानानं नोंदवत आले होते. ती नोंद कुणी वाचत नव्हतं, कारण वाचण्याचं योजनेत नव्हतं. मुजावर मॅडमनी ती सगळी यंत्रापुढं ओतली. दाब इथं चढला म्हणजे आबांनी हा व्हॉल्व्ह उघडला, तिथं पडला म्हणजे तो मिटला, एवढ्यावरून यंत्रानं महिपती भोईटेंच्या एकोणीस वर्षांच्या फेऱ्या पावलापावलानं शोधून काढल्या. कुठला व्हॉल्व्ह किती आटे, कुठला उन्हाळ्यात अर्धाच, कुठला उघडायच्या आधी शेजारचा सैल करायचा, सगळं. कंपनीनं या यंत्राला 'सवयग्राही जलवितरण प्रणाली' असं नाव दिलं. गाव त्याला 'आबा' म्हणू लागलं. पाणी सुरळीत झालं. मेलेला माणूस नोकरीवर परत आला, आणि पगारही मागत नव्हता, हे नगरपरिषदेच्या इतिहासात प्रथमच घडत होतं.

अडचण एवढीच झाली की यंत्र प्रामाणिक होतं. कुठल्या गल्लीला किती मिनिटं पाणी दिलं, हे ते रोज अकरा वाजता सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवायचं. माणसाच्या हातात चावी होती तोवर मिनिटं कुणी मोजली नव्हती.

दोन वर्षांनी एकानं मोजली.

नगरसेवक रावसाहेब पिसाळ स्वतः तक्रार घेऊन आवक टेबलाशी आले. वरच्या पेठेतून निवडून आलेला, साठीचा, भरघोस मिशांचा गडी.

"वहिनी, हे घ्या. मारा शिक्का."

शालनबाईंनी वाचलं. 'तांबट आळीस रोज अकरा मिनिटे जादा पाणी मिळत असून वरच्या पेठेवर अन्याय होत आहे.' त्यांनी शिक्का मारला. वाकडा पडला.

"तुमच्यावर राग नाही हं," पिसाळ म्हणाले. "तुम्ही आळीत राहता हा तुमचा गुन्हा नाही."

"चहा घेणार?"

"नको. तक्रार घेऊन आलोय, चहा घेतला तर जोर जाईल."

तक्रार मुजावर मॅडमकडं गेली. त्या तिशीच्या, चपळ, आणि आकडा जुळला नाही तर जेवण न जाणाऱ्या बाई होत्या. आठ दिवस त्यांनी आळीचा उतार मोजला, पाइपातली हवा मोजली. नवव्या दिवशी लॅपटॉप उचलून त्या शालनबाईंच्या टेबलाशी आल्या.

"मावशी, जरा बघता का? तुमच्या आळीचं आहे."

पडद्यावर ठिपकेच ठिपके होते. मुंग्यांची रांग आडवी जावी तसे.

"एक ठिपका म्हणजे एक सकाळ," मॅडम म्हणाल्या. "आबांच्या हातची एकोणीस वर्षं. अठरा मिनिटांच्या वर व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहिला, ते. ही सगळी रांग अकराच्या आसपास. उताराचा हिशोब लावला, हवेचा लावला, कशातच बसत नाही. घरी कधी काही बोलले होते का ते?"

"मला काय कळतंय त्यातलं, मॅडम," शालनबाई म्हणाल्या. पण नजर पडद्यावरून हलेना. "हे खाली पडलेत ते?"

"ते चारवाले. साडेपाचशे आहेत. त्यांचंही कारण सापडत नाही. म्हणून यंत्र काय करतं, वर्षाला साधारण तेवढेच दिवस आपल्या मनानं निवडतं आणि तेव्हा चार मिनिटांत बंद करतं. फासे टाकल्यासारखं."

म्हणजे आपलं काहीच चुकलेलं नसायचं. दोन वर्षं उगाच शिक्के वाकडे पाडले. शालनबाईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रुसायला कुणीतरी आहे असं वाटण्यातही एक सोबत होती.

त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा कधीचा?"

"बारा वर्षांपूर्वी. सतरा मार्च."

माहेरच्या लग्नाला यायला जमणार नाही, असं त्यांना न विचारता आबांनी परस्पर कळवलं होतं, त्याची दुसरी सकाळ. आबांनी चहा अंगणात उभ्यानं घेतला होता, बशीसुद्धा नको म्हणाले होते.

"आणि हे पाच, ओळीनं?"

"मे महिना. नऊ वर्षं झाली."

कूलर. शालनबाईंना ओळीनं पाचही दिवस आठवले. कूलर शेवटी आलाच नव्हता. सहाव्या दिवशी पाऊस आला आणि अकरा मिनिटं परत आली. साडेपाचशे भांडणं. एवढी? पण कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवा, कारण हजर होतं. भांडणं माणसाच्या डोक्यात कशी व्यवस्थित लावून ठेवलेली असतात, ते पाहून त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"हा वरचा एकटा कोण?"

रांगेच्या खूप वर, कुणाच्यात न मिसळता एक ठिपका होता.

"सव्वीस मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "एकदाच. सोळा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, मंगळवार. यंत्रानं तो चूक समजून गाळलाय."

सव्वीस मिनिटं महिपती भोईटे फेरी सोडून उंबऱ्याशी बसले होते. गावाचं पाणी थांबवून. का? शालनबाईंनी तो नोव्हेंबर आठवून पाहिला. सण नव्हता. कुणाचं बारसं नाही, कुणी आजारी नाही. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी जुनी पत्रं काढली, दिनदर्शिकांच्या पाठीमागं लिहिलेल्या गॅस सिलिंडरच्या तारखा चाळल्या. काही नाही. साडेपाचशे कडू सकाळी एकेक करून आठवत होत्या, आणि सगळ्यांत लांबलेली गोड सकाळ मात्र काही केल्या आठवत नव्हती.

पुढच्या सोमवारी सर्वसाधारण सभा होती. हजेरीची वही फिरवायला शालनबाई सभागृहात होत्या. कारण सापडलेलं नाही, असं मुजावर मॅडमनी खरं तेच सांगितलं. सापडत नाही असं कारण सभागृहाला फार वेळ सोसवत नाही.

"मी सांगतो कारण," पिसाळ उठले. "यंत्र निर्दोष आहे. यंत्राला शिकवणारा माणूस वाकडा होता. आळीनं त्याला काहीतरी दिलं असणार. एखादा तांब्याचा बंब दिला असेल! त्याशिवाय कोण एकोणीस वर्षं रोज न चुकता अकरा मिनिटं पाणी जास्त सोडेल?"

शालनबाईंच्या हातातली वही खाली आली. त्यांच्या घरात खरोखरच एक तांब्याचा बंब होता.

मुख्याधिकारी उबाळे साहेब सरळ माणूस होते. नियम आला की तो पाळायचा, नियम नसला की शोधायचा. आरोप झाला, तर संबंधित कर्मचाऱ्याचा खुलासा मागवायचा, असा नियम होता. कर्मचारी मयत असल्यास काय, याबद्दल नियमात काही नव्हतं. म्हणजे मनाईही नव्हती. दुपारी चार वाजता आवक-जावक टेबलावर पत्र आलं.

'प्रति, श्री. महिपती रामचंद्र भोईटे (मयत), राहणार तांबट आळी. आपण आपल्या सेवाकाळात तांबट आळीस दररोज अकरा मिनिटे जादा पाणी का दिले, याचा लेखी खुलासा हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत समक्ष हजर राहून सादर करावा. अन्यथा आपणांस काहीएक म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

शालनबाईंनी ते दोनदा वाचलं. मग जावक क्रमांक चारशे बारा घातला, पाकीट बंद केलं, आणि टपाल वाटणारा रजेवर असल्यानं जाताना स्वतःच घरी नेलं. दारात उभ्या राहून पोच घेतली. 'मिळाले' असं लिहून खाली सही केली.

सात दिवस होते. गप्प राहिलं तर 'काहीएक म्हणावयाचे नाही' असं होणार, आणि आबांच्या नावापुढं बंब लागणार. एकतीस वर्षांत ज्या माणसानं ऑफिसची टाचणी घरी आणली नव्हती, त्याच्या नावापुढं. पण मिनिटं तशीच राहण्याची शक्यता होती. कारण सापडेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, असं मॅडमनी सभेत बजावून सांगितलं होतं. आणि बोललं तर नाव धुऊन निघणार. मात्र कारण एकदा कागदावर आलं की ते दुरुस्त होणार. नगरपरिषदेत कारण नसलेल्या गोष्टी वर्षानुवर्षं चालतात. कारण सापडलं की बंद होतात, हे शालनबाईंना टेबलावर बसून कळलं होतं.

पुढच्या सहा सकाळी त्यांनी दोन कप भरले. सहाही दिवस अकरा मिनिटं. एकही चार नाही. "आता कशाला गोड बोलताय?" त्या समोरच्या कपाला म्हणाल्या.

सातव्या दिवशी त्यांनी खुलासा लिहिला, ऑफिसात नेला, स्वतःच आवक केला. शिक्का सरळ पडला.

'महोदय, आपले पत्र माझ्या नवऱ्यास आले आहे. ते हजर राहू शकत नसल्याने मी लिहिते. आळीचा व्हॉल्व्ह आमच्या दारासमोर आहे. तो बंद करायला ते सहा अठ्ठावीसला येत. बंद करायच्या आधी चावी दाराला टेकवून चहा घेत. चहाला अकरा मिनिटे लागत. तेवढा वेळ पाणी जास्त जाई. आधी बंद करून मग चहा घ्यावा हे त्यांना सुचले नाही आणि मी सुचवले नाही, कारण मग ते पुढच्या गल्लीच्या घाईने उठले असते. ज्या दिवशी चार मिनिटे आहेत त्या दिवशी आमचे भांडण होते. सव्वीस मिनिटांचे मला आठवत नाही. आळीने बंब दिलेला नाही. बंब माझ्या माहेरचा आहे. कळावे.'

उबाळे साहेबांनी तो खुलासा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि मुजावर मॅडमना बोलावलं.

"म्हणजे हे यंत्र गेली दोन वर्षं काय करतंय?"

मॅडमनी खुलासा वाचून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आबांचा चहा संपायची वाट बघतंय, सर."

खुलासा सभेपुढं वाचला गेला. संपताच पिसाळ उठले. माफी मागतील असं सगळ्यांना वाटलं. पिसाळांचा चेहरा वेगळाच झाला होता.

"एकतीस वर्षं माझ्या दारावरनं गेला," ते म्हणाले. "शंभर वेळा म्हटलं असेल, महिपती, ये की मर्दा, घोटभर चहा घे. कधी आला नाही. म्हणायचा, फेरीत असताना कुठं थांबत नाही. आणि हा रोज चहा पीत होता!" ते थांबले. "माझी मागणी बदला. मला त्याची मिनिटं नकोत. तो चहाला आला पाहिजे. आमच्याही पेठेत."

"ते कसं शक्य आहे?" उबाळे साहेब म्हणाले.

"ते तुम्ही बघा. आमच्या गल्लीचा काय हक्क नाही का?"

आणि मग प्रत्येक नगरसेवकाला आपापल्या गल्लीची आठवण झाली. कुंभार गल्लीला हक्क होता, स्टेशन रोडला हक्क होता, नव्या वसाहतीला, जिथल्या निम्म्या लोकांनी आबांना पाहिलंही नव्हतं, तिला तर सगळ्यांत जास्त. ठराव क्रमांक सत्याऐंशी एकमतानं मंजूर झाला : 'सदर अकरा मिनिटे कोणत्याही एका गल्लीस कायमस्वरूपी न देता सर्व सदतीस गल्ल्यांना रोज एक याप्रमाणे फिरती ठेवावीत.' शीर्षकात 'चहाची फेरी' असं लिहिलं होतं. ते उबाळे साहेबांनी खोडलं नाही, हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं बेकायदा कृत्य असावं.

यंत्रात बदल करायच्या दिवशी मुजावर मॅडम शालनबाईंना बोलवायला आल्या.

"मावशी, मी नुसती सरसकट अकरा मिनिटं घालू शकते. किंवा आबांच्या सकाळी होत्या तशा सगळ्या घालते, चारवाल्यांसकट. यंत्र त्यातली रोज एक उचलेल."

"आहेत तशा घाला."

"आणि तो सव्वीसचा? तो घेतला तरी एकोणीस वर्षांत एखादे वेळी निघायचा. तोही सदतिसांतल्या कुठल्या गल्लीत, काय माहीत."

"असू दे," शालनबाई म्हणाल्या. "या खेपेस काही गाळू नका."

दुसऱ्या दिवशी तांबट आळीचा व्हॉल्व्ह सहा अठ्ठावीसला, नियमानं, मिटला. शालनबाई कपात चहा गाळतच होत्या. गाळणी तशीच हातात राहिली. त्या दिवसापासून त्यांनी एकच कप ठेवायला सुरुवात केली, आणि डॉक्टरांना न सांगता त्यांचं ऐकलं.

फेरी मात्र गावात रंगली. ज्या गल्लीची पाळी असेल तिथली माणसं अठरा मिनिटं संपायच्या आत चहा करून दारात यायची. कुंभार गल्लीत कुणी झाकणावर बशी ठेवली. स्टेशन रोडला आबांना खारी आवडायची अशी बातमी पसरली. खारी आबांना मुळीच आवडत नसे, हे शालनबाईंनी ऐकलं आणि पोटात ठेवलं. आपला नवरा आता घरोघर चहा घेत फिरतो, आणि लोक येऊन त्याचं कौतुक आपल्यालाच सांगतात. ऐकताना बरं वाटायचं आणि अंगावर काटाही यायचा. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू वाटून टाकतात. त्यांनी मिनिटं वाटली होती.

एकोणिसाव्या दिवशी रावसाहेब पिसाळ तणतणत टेबलाशी आले.

"वहिनी, काल आमची पाळी होती. दूध म्हशीचं, वेलदोडा घातला. आणि चार मिनिटांत बंद! चार! काय चुकलं आमचं?"

"फासे असतात म्हणे, भाऊजी. मनाला लावून घेऊ नका."

"बंबाचं बोललो, ते लागलं असेल त्याला." मिशांखाली ओठ हलले. "तुम्ही जरा सांगून बघा की."

शालनबाईंना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असल्यानं ते जरा लांबलं. "माझी पाळी आली की सांगते," त्या म्हणाल्या.

सदतिसावा दिवस रविवारचा आला.

सहा दहाला झाकणाखाली घरघर झाली. नळ खोकला. शालनबाईंनी हंडा भरला, कळशी भरली, सहा वीसला दोन कपांचं आधण ठेवलं, आलं किसून घातलं. उंबरा पुसून घेतला. सहा अठ्ठावीसला त्या दोन कप घेऊन बसल्या आणि कान झाकणाकडं लावला. घरघर नाही. पाणी चालू.

भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. पहिली मिनिटं त्यांनी त्याच्याकडं पाहण्यातच घालवली. एक. दोन. तीन. चौथं आलं. चार गेली. मग त्यांच्या लक्षात आलं की सदतीस दिवसांनी घरी आलेल्या माणसासमोर आपण घड्याळ बघत बसलोय. त्या उठल्या, कप उचलून जागा बदलली, आणि घड्याळाकडं पाठ करून बसल्या.

सुरुवातीला काय बोलावं सुचेना. मग त्यांनी पिसाळांचं सांगितलं, वेलदोड्यासकट. चावीचं सांगितलं, की निर्लेखन अजून झालेलं नाही आणि पुढच्या मार्चमध्ये होईल असं भांडारपाल म्हणतात. कूलरचं तुमचं बरोबर होतं, दोन महिन्यांसाठी कशाला, हेही सांगून टाकलं. खारीचं सांगताना स्वतःच हसल्या. आपला कप संपला. समोरचा उचलला. तो कोमट झाला होता. तोही हळूहळू संपला.

पलीकडून शेजारणीची हाक आली, "वहिनी, आमची पिंपंसुद्धा भरली की हो! अजून कसं येतंय?"

शालनबाईंनी मागं वळून पाहिलं असतं तर किती वाजले ते कळलं असतं. त्या वळल्या नाहीत. हंडा काठोकाठ भरून वाहत होता, अंगणातून पाण्याची बारीक धार रस्त्यावरच्या लोखंडी झाकणाकडं निघाली होती, आणि झाकणाखालची मोटर गप्प होती.

त्यांनी रिकामे कप एकात एक ठेवले, जरा पुढं सरकल्या, आणि झाकणाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारलं,

"अहो, त्या मंगळवारी आपण एवढं काय बोलत बसलो होतो?"